आदल्या रात्रीचा फोन

मार्गशीर्षातली गोष्ट. पहाटे सहाला कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर आम्ही तिघं जमलो होतो. मी, रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारी तबकडी) धरायला आलेला माझा मित्र आणि मेकअप करणारी मुलगी. जिचे फोटो काढायचे होते ती चौथी यायची होती आणि सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. नऊवारी इस्त्री करून आणली होती. मावशीचा कोल्हापुरी साज रुमालात गुंडाळून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवला होता, आणि तो परत तिच्या हातात देईपर्यंत जिवाला घोर होता. नदीवर धुकं होतं. थंडीत ऊन वर येईपर्यंत ते पाण्यावर रेंगाळतं आणि एकदा ऊन लागलं की बघता बघता नाहीसं होतं. मधला जो थोडा वेळ असतो, तेवढाच मला हवा होता.

साडेसहाला फोन केला, नुसता वाजत राहिला. पावणेसातला केला, बंद. आदल्या दुपारचा तिचा मेसेज माझ्याकडं होता : "येतो की दादा, सहाला तिथंच असतो." (आमच्याकडं मुलीही 'येतो'च म्हणतात.) सव्वासात झाले. ऊन दीपमाळांच्या टोकाला लागलं, धुकं विरलं, धुणं घेऊन बायका पायऱ्यांवर आल्या. मेकअप करणारी खाली बसली, तिनं ब्रशांची गुंडाळी उघडली आणि एकेक ब्रश पुसून परत ठेवायला लागली. एकही वापरलेला नव्हता, तरी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, लगीनसराई आहे. आजची एक नवरी सोडली होती मी."

दुपारी एक वाजता मेसेज आला : "सॉरी दादा, झोप लागली."

मला तिचा राग आला, चांगला दोन दिवस टिकला. त्यानंतर जे डोक्यात घोळत राहिलं ते लिहितोय, कारण ही एका मुलीची आणि एका सकाळची गोष्ट राहिलेली नाही. कोल्हापुरात हौसेनं कॅमेरा घेतलेली चार माणसं चहाच्या गाड्यावर भेटली की लेन्सच्या आधी हाच विषय निघतो. ठरलेल्या तीन शूटमधलं एक तरी बारगळतं, आणि बारगळतं ते बहुतेक वेळा न सांगता.

मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत नोकरी करतो. आठवड्याला एक सुट्टी. त्या सुट्टीतली सकाळ किंवा संध्याकाळ मी फोटोला देतो, आणि ती मी घरातून मागून घेतलेली असते. पोराची शाळा, आईचं औषध, बायकोची कामं यांच्यातून ती काढलेली असते. या कामात पैसे नसतात. ज्याला पूर्वी टीएफपी (टाइम फॉर प्रिंट, म्हणजे वेळेच्या बदल्यात फोटो) म्हणायचे आणि आता सगळे कोलॅब म्हणतात, त्याची रीत साधी आहे. मी माझा वेळ आणि कॅमेरा देतो, मॉडेल व्हायचं म्हणणारी मुलगी किंवा मुलगा आपला वेळ आणि चेहरा देतो, मेकअप करणारी आपलं सामान आणि हात देते. फोटो तिघांनाही वापरता येतात. कोणी कोणाला एक रुपया द्यायचा नाही.

आणि घोळ इथंच होतो. पैसे नाहीत म्हणजे ते फुकट, आणि फुकट म्हणजे गेलं तरी कोणाचं काही गेलं नाही, असं धरलं जातं. एका मुलानं मला तोंडावर सांगितलं होतं, "दादा, तुम्ही काय प्रोफेशनल नाही, हौस म्हणून करताय. एवढं मनावर का घेताय?" त्याचा आवाज उद्धट नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

हौस हा शब्द या गावात हलका नाही. हौशी नाटकवाल्यांकडं बघा. दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून ही माणसं रात्री तालमीला जमतात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिना-दोन महिने हे चालतं. मानधन नाही, उलट पदरचे पैसे घालतात. तरी तालमीला दांडी मारणाऱ्याला पुढच्या नाटकात कोणी विचारत नाही, कारण एक माणूस आला नाही तर दहा जणांची रात्र जाते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ सालची ती वास्तू. तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली. त्यातल्या अनेकांना त्या रंगमंचानं आयुष्यात कधी पोटापुरतं दिलं नसेल. पैसे मिळत नाहीत तिथं माणसाला बांधून ठेवायला शब्दच उरतो. पगारी शूटला मॉडेल आली नाही तर अॅडव्हान्स परत मागता येतो. माझ्या कोलॅबमध्ये परत मागण्यासारखं काही नसतं. धुकं परत मागता येत नाही, आणि मेकअपवालीची सोडलेली नवरीही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हे काम आहे, हेच बऱ्याच जणांना पटलेलं नाही. चेहरा बरा आहे, उंची आहे, रिल्सना लाइक मिळतात, म्हणजे मॉडेल झालं असं वाटतं. खासबाग मैदान १९१२ सालापासून उभं आहे. त्या तांबड्या मातीत नुसती अंगकाठी बघून कोणी कोणाला उतरवत नाही. वर्षानुवर्षं पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या लागतात, वस्तादाचं ऐकावं लागतं, मातीत नाक घासावं लागतं. तालीम हा शब्द आपण पैलवानाला वापरतो आणि नटालाही वापरतो. मॉडेलला मात्र कोणी वापरत नाही.

तालीम कशाची, तर सांगतो. वजन मागच्या पायावर टाकलं की कंबर आपोआप सैल पडते आणि खांदे उतरतात. हनुवटी किंचित पुढं आणि खाली घेतली की गळ्याची रेघ स्पष्ट होते. करताना ते कासवासारखं वाटतं, फोटोत छान दिसतं. हात ही सगळ्यात अवघड गोष्ट. दहापैकी आठ जणांना हातांचं काय करावं कळत नाही, मग मुठी आवळल्या जातात आणि चेहरा हसरा असला तरी ती भीती मुठीत दिसते. श्वास धरून ठेवला की मान ताठ होते. उजेड कुठून येतोय हे न बघता मान वळवली की अर्धा चेहरा काळा पडतो. हे सगळं आरशासमोर पंधरा मिनिटं रोज केलं तर महिन्यात अंगवळणी पडतं. त्याला क्लास लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण हे शिकायचं असतं, हेच मुळात ठाऊक नसतं.

आणि मग फोटो हातात आले की पहिलं वाक्य येतं, "मी अशी दिसत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी शूटच्या आधीच समजावून सांगतो. सेल्फी काढताना फोनच्या पडद्यावर आपण स्वतःला आरशातल्यासारखं उलटं बघतो. डावीकडचा भांग उजवीकडं दिसतो. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळं सरळ फोटो समोर आला की स्वतःचाच चेहरा परका वाटतो. शिवाय फोन हातभर अंतरावर असतो. इतक्या जवळून नाक मोठं येतं आणि कान मागं जातात. मी ८५ मिमीची लेन्स लावून दोन-अडीच मीटरवर उभा राहतो. तिथून येणारा चेहरा तुमच्या मैत्रिणीला, आईला, गल्लीतल्या माणसाला रोज दिसतो तसा असतो. परका असतो तो फक्त तुम्हाला.

हे समजलं तर पुढचा त्रास थोडा कमी होईल. पुढचा त्रास म्हणजे फिल्टर. मी दोन रात्री बसून वीस फोटो निवडतो, त्यांचा रंग बघतो, चेहऱ्यावरची पुटकुळी तेवढी काढतो आणि त्वचेचा पोत तसाच ठेवतो. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पांढराफटक होऊन पोस्ट झालेला असतो. गाल गुळगुळीत, डोळे मोठे, सावळा रंग धुऊन काढलेला. मला यातलं सावळा रंग पुसणं सगळ्यात जास्त लागतं. संध्याकाळी रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य उतरताना सावळ्या चेहऱ्यावर जो उजेड येतो, त्यासाठी मी तिथं दोन-दोन तास थांबतो. तो उजेडच पुसला गेला तर त्या फोटोत माझं काय राहिलं? आणि तिचंही काय राहिलं?

मॉडेल सगळ्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे फोटो, मागतात, त्याचंही थोडक्यात सांगतो. एका शूटला मी साडेतीनशे फ्रेम काढतो. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे सगळं मिळून नऊ-दहा जीबी. त्यातल्या तीनशेंमध्ये डोळे अर्धे मिटलेले, केस तोंडावर आलेले किंवा फोकस चुकलेला असतो. ते न देण्यात तिचंही भलं असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम सांगतं की फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. कोणी मोबदला देऊन काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर मालकी मोबदला देणाऱ्याकडं जाते. कोलॅबमध्ये मोबदला नाही, म्हणजे कायद्यानं फोटो माझा. पण चेहरा तिचा आहे, आणि हे आमच्यातले बरेच जण विसरतात.

इथंच मला माझ्या रागाकडं परत यावं लागतं.

त्या घाटावरच्या मुलीनं मला तीन आठवड्यांनी खरं कारण सांगितलं. तिनं घरी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं होतं. पहाटे पाचला वडील उठून बसले होते आणि एवढ्या लवकर कुठली मैत्रीण, असं विचारत होते. फोन त्यांच्याच हातात होता. झोप वगैरे काही लागली नव्हती. मी तेव्हा गप्प बसलो. मुली वेळ पाळत नाहीत असं सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो. त्यांच्यातल्या कितीजणींच्या फोनवर त्या वेळी दुसऱ्या कोणाचा हात होता, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, ते काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं. सात वर्षांनी, १९२० साली, आमच्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला आणि त्यात बायकांची कामं बायकांनी केली. पुढं १९२९ साली याच गावात प्रभात कंपनी उभी राहिली, १९३३ साली ती पुण्याला गेली. आजही मोरेवाडीत चित्रनगरी आहे, मालिकांची चित्रीकरणं होतात. पडद्यावरच्या माणसांचं या गावाला मोठं कौतुक आहे. त्याच गावात, त्या १९२०नंतर शंभर वर्षांनी, मुलगी घाटावर साडी नेसून एक फोटो काढायला येते तेव्हा घरी खोटं बोलून येते. हे कौतुक आपल्या दारापर्यंत येऊन थांबतं.

घरच्यांना मी सरसकट दोष देणार नाही, कारण त्यांची भीती आम्ही कॅमेरेवाल्यांनीच कमावलेली आहे. रात्री अकरानंतर मुलीला "काय करतेस" असं विचारणारे आमच्यात आहेत. रंकाळा ठरवून आयत्या वेळी लांबचं फार्महाउस सांगणारे आहेत. सोबत भाऊ येतोय म्हटलं की "मग मूड येत नाही" म्हणणारे आहेत. फोटो काढून झाल्यावर न विचारता कुठल्याही पेजवर टाकणारे तर ढिगानं आहेत. आणि पोर्टफोलिओचा एक वेगळाच धंदा आहे. मालिकेत काम देतो, जाहिरात देतो असं सांगून हजारो रुपये घ्यायचे, फोटोंचा जाडजूड अल्बम द्यायचा आणि नंतर फोन उचलायचा नाही. खऱ्या मॉडेलिंग एजन्सींना सुरुवातीला असले अल्बम लागत नाहीत. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय काढलेले समोरून, बाजूनं आणि पूर्ण उंचीचे चार-पाच फोटो त्या मागतात. ते घरच्या फोनवरही निघतात. पण हे सांगून कोणाचा धंदा चालत नाही.

अशा वातावरणात मुलगी "येतो की दादा" म्हणते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय धरायचा? मी त्याला वचन समजत होतो. आता वाटतं, बऱ्याचदा तिला नाही म्हणायची सोयच नसते. समोरचा वयानं मोठा, त्याच्याकडं महागडा कॅमेरा, तो फुकट फोटो काढून देतोय, त्याला नकार दिला तर तो रागावेल, पुन्हा बोलावणार नाही, चार जणांत नाव खराब करेल. आपल्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा समजतात. मग 'हो' म्हणायचं आणि जायचं नाही. 'बघतो', 'येतो की', 'नक्की' या शब्दांत होकार किती आणि संकोच किती हे ओळखणं माझं काम होतं. मी ते कधी केलं नाही. मी फक्त वेळ आणि ठिकाण पाठवत राहिलो.

माझं म्हणणं इथं येऊन थांबतं, आणि ते दोन्ही बाजूंना टोचणारं आहे. ज्या होकाराला नकाराची मोकळीक नाही, त्याच्यावर कोणाची सकाळ उभी करता येत नाही. ती मोकळीक देणं हे कॅमेरा धरणाऱ्याचं काम. पण मोकळीक दिल्यावरही जो न सांगता गायब होतो, त्याला मग भित्रा म्हणता येत नाही. त्यानं दुसऱ्याचा दिवस घेतला. "उद्या जमणार नाही" हे तीन शब्द आदल्या रात्री आले तर कोणाचं काही बिघडत नाही. सकाळी सातला घाटावर तेच कळलं तर तिघांचं बिघडतं.

म्हणून मी माझी पद्धत बदलली आणि इतर हौशी मित्रांनीही बदलावी असा माझा आग्रह आहे. शूट ठरलं की मी एक पानभर मराठीत लिहून पाठवतो. ठिकाण कुठलं आणि ते बदलणार नाही, कपडे काय, किती वेळ, कोण कोण असेल, फोटो किती आणि किती दिवसांत मिळतील, कुठं टाकले जातील आणि कुठं नाही. सोबत कोणीही आणलं तरी चालेल, हे ठळक अक्षरांत. १८ पूर्ण नसतील तर आई किंवा वडील यांच्याशी बोलल्याशिवाय मी शूट ठरवतच नाही, कारण करार कायद्यात अल्पवयीन मुलीच्या सहीला किंमत नाही आणि माझ्या दृष्टीनं नसायलाच हवी. शेवटी लिहितो : आदल्या रात्री आठला मी फोन करेन, तेव्हा नाही म्हटलंत तरी काही वाईट वाटून घेणार नाही, कारणही विचारणार नाही. आणि एसटीचं भाडं आणि नाश्ता माझ्याकडून. काही मित्र म्हणतात, भाडं द्यायला लागलास तर हौस कसली. चित्रकलेच्या वर्गात समोर तासन् तास बसणाऱ्या मॉडेलला बसण्याचे पैसे मिळतात, मधे विश्रांती मिळते, आणि हे गाव चित्रकारांचं आहे. फोटोवाल्यांनी त्यांच्याकडून तेवढं उचलायला हरकत नाही.

यातलं काही काम एकट्यादुकट्यानं होणार नाही. चित्रनगरीनं किंवा इथल्या कला महाविद्यालयांनी वर्षातून दोन-चार दिवस कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची साधी कार्यशाळा घ्यावी, त्यात करार वाचायलाही शिकवावं आणि पालकांनाही बोलवावं. पोर्टफोलिओच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांचा बाजार तेवढ्यानं निम्मा बसेल असं मला मनापासून वाटतं. साडीची दुकानं, हुपरीची चांदी, चपलांचे कारागीर, सगळ्यांना आता फोटो लागतात, आणि त्यासाठी चेहरे मुंबई-पुण्याहून आणावे लागू नयेत.

मार्चमध्ये कागलजवळच्या एका गावातल्या मुलीबरोबर शूट ठरलं. ती साडीच्या दुकानात काम करते, सुट्टी मिळते आठवड्याला एक, माझ्यासारखीच. आदल्या रात्री आठला फोन केला, तर माझ्या आधी तीच बोलली : "दादा, उद्या नको. घरी पाहुणे आलेत, आईला एकटीला जमायचं नाही." मी बरं म्हटलं आणि लगेच मेकअप करणाऱ्या मुलीला कळवलं. तिनं त्या सकाळची कसबा बावड्यातली एक ऑर्डर धरली.

तीन आठवड्यांनी आम्ही रंकाळ्यावर भेटलो. मुलगी एसटीनं आली होती, सोबत आई. पिशवीत तीन ओढण्या होत्या, कुठली उजेडात चांगली दिसेल ते बघू म्हणाली. उतरल्यावर पहिला प्रश्न तिनं मला विचारला तो, "ऊन कुठल्या बाजूनं येणार?" महिनाभर आरशासमोर उभं राहून बघत होती, असं आईनं सांगितलं. माझा मित्र त्या दिवशी आला नव्हता. रिफ्लेक्टर आईनं धरला. आधी तिला ते अवघड वाटलं, मग ती स्वतःच तबकडी हळूहळू तिरकी करून लेकीच्या चेहऱ्यावर उजेड कुठं पडतोय ते बघायला लागली. मी सांगायच्या आधी म्हणायची, "आता बघा, डोळ्यात आला."

त्यातला एक फोटो मी आठ बाय बारा इंचाचा छापून दिला. सावळा रंग आहे तसा आहे. तो त्यांच्या घरात पुढच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर दिसेल असा लावलाय.